सासऱ्यांच्या कार्डावरची वाचक

चूक माझी होती. हे वाक्य इतकी वर्षं मी दुसऱ्या वाक्यांच्या मागं लपवत आलो, म्हणून आता ते सगळ्यांत आधी लिहून टाकतो. वाचकानं कोणतं पुस्तक मागितलं हे मी कधी लिहून ठेवलं नाही. कोणतं दिलं एवढंच लिहीत गेलो. पुढं त्या दिलेल्या पुस्तकांवरून वाचकाची आवड ओळखणारा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम माझ्याच हातानं तयार केला. शिनोलीच्या एका घरात खरं कोण वाचतंय, हे त्या प्रोग्रॅमला कधी कळलं नाही. मलाही कळलं नाही. जिला ते महागात पडलं त्या बाईंची माफी मागायला मी पाच वर्षं लावली.

मी मूळचा जुन्नर तालुक्यातला, लेण्याद्रीच्या पायथ्याजवळच्या एका गावचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आंबेगाव तालुक्यातल्या एका बाजारगावी, तिथल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागलो. गावाचं नाव लिहीत नाही. वाचनालयाचा यात दोष नाही, आणि ते चालवणारी माणसं भली होती. दोन खोल्या, नऊ लोखंडी कपाटं आणि दारासमोर एक लांब टेबल. टेबलाच्या अलीकडं मी, पलीकडं वाचक. वाचकानं कपाटापर्यंत यायचं नाही, हा पहिल्यापासूनचा नियम. पुस्तकं जातात, म्हणून. यादीच्या वह्या टेबलावर दोरीनं बांधलेल्या असत. त्यात पाहून नंबर सांगायचा आणि मी पुस्तक काढून द्यायचं. पण बाजाराच्या दिवशी पिशव्या घेऊन आलेल्या माणसाला वह्या चाळायला वेळ कुठला? लोक म्हणत, “भाऊ, एखादं चांगलं द्या.”

या वाक्यावर माझी सगळी नोकरी झाली.

मला त्याचा अभिमानही होता. माणूस पायरी चढतानाच त्याला काय लागेल ते मला कळतं, असं मी चारचौघांत सांगायचो. निवृत्त मास्तर आले की आत्मचरित्र किंवा इतिहास. म्हातारी माणसं आली की संतचरित्र. बायकांसाठी पाककृती, व्रतकथा, कौटुंबिक कादंबरी. तालमीतली पोरं आली की पोलिसभरतीची पुस्तकं. एखादा म्हणायचा, “नेमकं दिलंत, राव.” ते माझ्या लक्षात राहायचं. ज्याला दिलेलं आवडलं नाही तो काहीच म्हणायचा नाही. न उघडलेलं पुस्तक तसंच परत आणून ठेवायचा, आणि मी रजिस्टरवर ‘जमा’ असा शिक्का मारायचो. वाचून जमा आणि न वाचता जमा यांना शिक्का एकच होता.

आणखी एक पद्धत होती. कार्डाला अनामत रक्कम असे, त्यामुळं घराला एकच कार्ड. ते सहसा घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर, क्वचित एखाद्या बाईच्या. घरात पाच जणं वाचत असली तरी रजिस्टरला वाचक एकच, आणि तोही बहुधा ज्याला वाचनाची फारशी गोडी नाही असा. हे मला दिसत नव्हतं असं नाही. ते काही बिघडवत असेल असं वाटलं नव्हतं.

दोन हजार साल उलटल्यावर वाचनालयाला कॉम्प्युटर मिळाला. आमचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी. त्यांचं घराणं पिढ्यांमागं राजस्थानातून आलेलं, पण मराठी माझ्यापेक्षा चोख. दुकानात नवा कॉम्प्युटर घेतल्यावर त्यांनी जुना आम्हाला दिला. मी मंचरला एका क्लासला जाऊन फॉक्सप्रो, म्हणजे नोंदी ठेवायची कॉम्प्युटरची भाषा, शिकलो. चाळिशीकडं झुकलेला मी आणि शेजारी दहावी झालेली पोरं. तरी मला ते आवडलं. सहा महिने बसून मी दहा वर्षांची रजिस्टरं त्यात भरली. मग प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक कार्डापुढं गाव, वय, बाई की पुरुष. प्रत्येक पुस्तकापुढं त्याचा प्रकार. वाचकानं आधी ज्या प्रकारची पुस्तकं नेली त्यांना जास्त गुण, त्याच गावच्या आणि त्याच वयाच्या लोकांनी नेलेल्यांना त्याहून थोडे कमी. गुणांची बेरीज होऊन दर कार्डाला दहा पुस्तकांची यादी प्रिंटरवर करकरत बाहेर यायची.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी त्या याद्यांमधली पुस्तकं कपाटांतून काढून टेबलावर रचून ठेवायचो. दुसऱ्या दिवशी गर्दीत फार शोधावं लागायचं नाही. लोक टेबलावरचीच पुस्तकं नेत. संध्याकाळी मी ताडून बघायचो, तर बहुतेकांनी यादीतलंच पुस्तक नेलेलं. मला केवढा आनंद! कॉम्प्युटरला माणसाचं मन कळायला लागलं, असं मी सभेत सांगितलं. टेबलावर दुसरं काही नव्हतंच, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सभेत कुणी विचारलंही नाही. टाळ्या वाजल्या.

शिनोलीचे एक बाबा दर बाजाराला यायचे. कालव्यावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. अक्षरओळख होती, पण चष्मा घरी विसरून येण्याइतकीच. तरी पुस्तक कधी चुकवायचे नाहीत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला भक्तीची ओढ आहे. कार्ड त्यांच्या नावावर होतं आणि यादी त्यांच्यासाठी संतचरित्रं काढायची. घरात बायका असणारच म्हणून मी सोबत एखादं पाककृतीचं द्यायचो.

एका बाजाराला टेबलापाशी बरीच गर्दी असताना ते म्हणाले, “भाऊ, ते गणिताचं काय पुस्तक आस्तंय का? बुद्धिमत्ता का काय म्हन्त्यात. परीक्षेचं.”

बुद्धिमत्ता चाचणी आणि अंकगणित. सरकारी नोकरीच्या परीक्षेचं पुस्तक. आमच्याकडं दोन प्रती होत्या, त्यांतली एक त्या दिवशी तिसऱ्या कपाटात होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. पण ती भरतीवाल्या पोरांची पुस्तकं, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. आणि गर्दीसमोर मला विनोद सुचला.

“काय बाबा, पोलिसात भरती व्हायचा विचार आहे का?”

टेबलाभोवतीची माणसं हसली. भाजीच्या पिशव्या घेतलेला एक जण म्हणाला, “बाबांची छाती मोजा राव आधी!” दुसरा म्हणाला, “पळायचं कसं पन? का म्हशीवर बसून पळनार, बाबा?”

बाबाही हसले. “न्हाई वो, आपलं इचारलं,” म्हणाले. “द्या तुमी काय देताय ते.”

मी संतचरित्र दिलं, त्यावर पाककृतीचं ठेवलं. त्यांनी दोन्ही पिशवीत घातली आणि गेले. सुनेला हवंय, एवढं ते म्हणाले नाहीत. हसणाऱ्या माणसांच्या घोळक्यात सुनेचं नाव काढणं त्यांना नको वाटलं असणार. त्यांनी पुन्हा ते पुस्तक माझ्याकडं मागितलं नाही.

पण त्यानंतर परत येणाऱ्या पुस्तकांत चिठ्ठ्या सापडू लागल्या. दोनेक वर्षांत तीन. शाळेच्या वहीचं पान कापून केलेली चिठ्ठी, निळ्या शाईत बारीक स्वच्छ अक्षर. पहिलीत लिहिलं होतं, ‘बुद्धिमत्ता चाचणी व अंकगणित असल्यास द्यावे.’ मी समजलो, घरात कुणी शाळकरी पोरगं असेल, त्याला शाळेतून मिळेल. दुसरीत, ‘हे पुस्तक पूर्वी दोनदा आले आहे. अंकगणिताचे मिळेल का?’ खरंच ते पाककृतीचं पुस्तक तिसऱ्यांदा गेलं होतं. यादीत त्याला गुण जास्त पडत होते, कारण ते आधी दोनदा गेलं होतं. तिसरी चिठ्ठी, ‘ऑगस्टपर्यंत हवे आहे.’

ती तिसरी चिठ्ठी मी दोन वेळा वाचली. मग कॉम्प्युटरवर बाबांची यादी पाहिली. यादीत तसलं काही नव्हतं. बाहेर माणसं खोळंबली होती. चिठ्ठी मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. ती ठेवायला जागा नव्हती असं नाही, पण रजिस्टरात तिच्यासाठी रकाना नव्हता. रकाना नाही ती गोष्ट मी कामाची धरत नसे.

पुढच्या वर्षी बाबांचं येणं अचानक थांबलं. तीन पुस्तकं त्यांच्याकडं अडकलेली. दोन महिने वाट पाहून एका दुपारी मी भीमाशंकरकडं जाणाऱ्या एस.टी.नं शिनोलीला गेलो. घर विचारत पोचलो. अंगणात खाटेवर बाबा पडलेले. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं. मला ओळखलं आणि डाव्या हातानं नमस्कार केला.

आतून सून बाहेर आली. तिशी ओलांडलेली असावी. हाताला शेण होतं, ते धुऊन हात पदराला पुसत म्हणाली, “वाचनालयातनं आलात ना? पुस्तकं तयार आहेत, भाऊ. मीच आणून देणार होते, पण बाबांना सोडून निघता येत नाही.”

चहा झाला. गाव कोणतं ते निघालं, तेव्हा कळलं की तिचं माहेर माझ्याच गावाच्या शिवेला लागून. तिचे वडील मला नावानं माहीत होते. “म्हणजे तुम्ही आमच्याकडचेच की,” ती म्हणाली. बोलण्यात एकदम मोकळेपणा आला. माहेरकडचा माणूस म्हटलं की भावाच्या जागी. मीही सैल झालो आणि सहज म्हणालो, “बाबांना भक्तीची पुस्तकं फार आवडायची.”

ती हसली. “बाबांना? त्यांना पुस्तक उशाला घ्यायला आवडायचं. वाचायचे मी.”

मी कप खाली ठेवला.

“लग्नाआधी बारावी सायन्स झाली होती माझी,” ती म्हणाली. “गणितात वर्गात पहिली यायचे. इथं आल्यावर सगळं बंद. बाबाच म्हणाले, पोरी, सरकारी परीक्षा दे, फार्म मी आणतो, पुस्तकं मी आणतो. पुस्तकं आणायचे बिचारे. पण तुमच्याकडून दर खेपेला संत आणि शंकरपाळे.”

ती हे चेष्टेत म्हणाली. मला हसायला जमलं नाही.

“चिठ्ठ्या तुम्ही लिहायचात?”

“मग कोण लिहिणार? म्हशी?” मग म्हणाली, “मला वाटलं तुमच्याकडं ते पुस्तकच नसेल. नाहीये का?”

खोटं बोलता आलं असतं. तेवढं मी केलं नाही. “दोन आहेत,” म्हणालो.

तिनं बाबांच्या अंगावरची गोधडी नीट केली. मग सांगितलं की तिनं जवळजवळ पुस्तकाशिवायच परीक्षा दिली होती. बाकीच्या विषयांत बरं झालं, अंकगणितात थोडक्यात राहिलं. एका शेजारच्या मुलाकडून आठ दिवसांसाठी ते पुस्तक मिळालं होतं, त्यातून जेवढं झालं तेवढं. आणि या जूनमध्ये वयाची अट संपली. आता फॉर्मच भरता येत नाही.

त्या वेळी जे बोलायचं होतं ते दोन शब्दांचं होतं. मी मात्र म्हणालो, “त्याचं असं आहे ताई, आता पुस्तकं कॉम्प्युटर काढतो. त्याच्या यादीत जे येतं ते आम्ही देतो.”

“आणि कॉम्प्युटरला कोण सांगतं?” तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी प्रोग्रॅम कसा चालतो ते समजावून सांगू लागलो. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गुणांची बेरीज कशी होते ते तिला पहिल्या झटक्यात कळलं, क्लासमध्ये तसलं काही माझ्या डोक्यात शिरायला आठवडा लागला होता. ती म्हणाली, “म्हणजे जे आधी दिलं तेच पुन्हा द्यायचं, एवढंच करतो ना तो?” मी बस चुकेल असं सांगून उठलो. बसला अजून पाऊण तास होता. तो मी फाट्यावर उभ्यानं काढला.

परत आल्यावर मी त्या कार्डाची सगळी नोंद छापून काढली. एकामागून एक पुस्तकं. त्यांतलं एकही तिनं मागितलेलं नव्हतं. तिनं जे मागितलं त्याचा मागमूस नव्हता. त्या लांब कागदावर माझीच आवड, माझीच समजूत छापलेली होती, आणि वर नाव बाबांचं. मग मी इतर कार्डं काढली. तिथंही तेच. जे टेबलावर ठेवलं ते गेलं, जे गेलं ते नोंदलं, जे नोंदलं ते पुन्हा टेबलावर आलं. दहा वर्षं मी हातानं रजिस्टरात जी समजूत भरली, ती कॉम्प्युटरनं पाठ करून मला म्हणून दाखवली होती.

अध्यक्षांना दुकानात जाऊन सगळं सांगितलं. बाईंचं सोडून. ते गादीवर बसून ऐकत होते. म्हणाले, “भाऊ, गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याला काय हवं ते मलापण कळतं असं मला वाटतं. पण मी वीस साड्या उलगडतो. बाई तोंडावर सांगते, शेठ, हा काय रंग आहे का? उठून शेजारच्या दुकानात जाते. म्हणून माझं डोकं ठिकाणावर राहतं. तुमच्याकडं नाही म्हणायला कुणाला जागाच नाही, आणि शेजारी दुसरं वाचनालयपण नाही.”

मी प्रोग्रॅम सुधारायला घेतला. सोपं वाटलं होतं. गाव, वय, बाई-पुरुष हे रकाने काढून टाकले की पक्षपात जाईल, असा माझा हिशेब. एका सुट्टीच्या दिवशी ते काढले आणि याद्या छापल्या. याद्या जवळपास तशाच! मला आधी वाटलं, प्रोग्रॅम जुनाच चालू आहे. मग उलगडा झाला. बाईला आजवर पाककृतीच दिल्या, तर तिच्या मागच्या नोंदीत पाककृतीच असणार. ‘बाई’ हा शब्द पुसला तरी नोंदी तिला बाईच समजत होत्या.

तेव्हा मुळापासून सुरुवात केली. मागितलेलं पुस्तक लिहायला वेगळा रकाना केला, मग ते असो वा नसो, दिलं असो वा नसो. मागितलेल्याला दिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त गुण. समितीपुढं भांडून घरातल्या प्रत्येकाला अनामतीशिवाय आपापलं कार्ड मिळवून दिलं. एखादं पुस्तक टेबलावर किती वेळा मांडलं आणि त्यातून किती वेळा उचललं गेलं, हेही मोजायला लागलो. नुसतं समोर होतं म्हणून गेलेल्या पुस्तकाचं वजन त्यामुळं कमी झालं. आणि यादीतल्या दहांपैकी तीन पुस्तकं सोडतीनं. वर्षानुवर्षं कपाटाबाहेर न आलेल्यांतून कॉम्प्युटर कुठलीही तीन उचलायचा.

या सोडतीनं मला फार शिव्या खायला लावल्या. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या यादीत शेळीपालन आलं. ते यादी फडकावत आले. “काय हो, पेन्शन बंद झाली का माझी? आता शेळ्या वळू?” दुसरे एक जण म्हणाले, “आधी बरं चाललं होतं, भाऊ. आता लॉटरी काढल्यासारखं करता.” पूर्वी संध्याकाळी ताडून बघितल्यावर आनंद व्हायचा. आता यादीतली अर्धी पुस्तकं टेबलावर तशीच पडलेली असायची, आणि ती उचलून पुन्हा कपाटांत लावताना पाठ भरून यायची. कधीकधी वाटायचं, जुना प्रोग्रॅम परत चालू करावा. कुणाला कळणार होतं?

शेवटी दुपारी दोन तास कपाटं सगळ्यांना खुली केली. काही पुस्तकं गेली, अध्यक्षांनी ती सोसली. एका कंडक्टरच्या बायकोनं मोटार रिवाइंडिंगचं पुस्तक तीनदा नेलं. कशासाठी, ते मी विचारलं नाही. माणसाकडं बघून अंदाज बांधायची जी सवय लागली होती ती मोडायची म्हणून मी पुष्कळ प्रश्न गिळायला शिकलो. ती सवय पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. आजही दारात माणूस दिसला की हात आपोआप एका कपाटाकडं वळतो.

शिनोलीला मात्र मी गेलो नाही. बाबा वारल्याचं कळलं तेव्हाही नाही. त्या दोन प्रतींमधलं एक पुस्तक पाठवावं असं मनात आलं, पण वयाची अट संपल्यावर ते पाठवणं म्हणजे चिडवल्यासारखंच झालं असतं. सगळं सुधारतोय ना आपण, अशी मी मनाची समजूत घालायचो. बाईंच्या नावानं एवढं काम केलं, आता आणखी काय राहिलं?

अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगचं कॉलेज निघाल्यावर तिथले चार विद्यार्थी एकदा आमचा प्रोग्रॅम बघायला आले. इंटरनेटवर तुम्ही काय घ्याल ते आधीच ओळखणाऱ्या मोठ्या यंत्रणा असतात, त्यांच्यावर त्यांना काहीतरी लिहायचं होतं. माझा जुनाट प्रोग्रॅम पाहून ते हसतील असं वाटलं होतं. उलट ते वह्या काढून लिहायला लागले. म्हणाले, सर, मोठमोठ्या यंत्रणांतही हीच अडचण असते. मी फुशारलो. शिनोलीच्या बाईंची गोष्ट मी त्यांना उदाहरण म्हणून सांगितली. हसण्याचा प्रसंग, चिठ्ठ्या, सगळं. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं मी त्यांच्यापुढं धड्यासारखं सांगत होतो आणि चांगलं सांगत होतो.

त्यांच्यातली एक मुलगी लिहिता लिहिता थांबली. “सर, मग त्या ताई काय म्हणाल्या? तुम्ही सॉरी म्हणालात तेव्हा?”

मी म्हणालो, “वेळ झाली, आता कपाटं बंद करायची आहेत.”

चौथ्या दिवशी मी शिनोलीची एस.टी. धरली. गुडघे दुखत होते, आणि फाट्यापासून घरापर्यंतचा रस्ता मला हवा होता त्याहून लवकर संपला. ती अंगणात झेंडूची फुलं क्रेटमध्ये भरत बसली होती. केस पुढून पांढरे झाले होते. मला बघून उभी राहिली.

“अगंबाई, भाऊ! परत काय पुस्तक राहिलं का आमच्याकडं?”

“नाही,” मी म्हणालो. “पुस्तकासाठी नाही आलो.”

“बसा की मग. चहा टाकते.”

“चहा नको. आधी बोलतो. बसलो तर पुन्हा राहून जाईल.”

ती क्रेटच्या काठावर हात ठेवून थांबली. मी वाटेत बरंच जुळवून आणलं होतं. प्रोग्रॅममध्ये काय बदल केले, कार्डं कशी वेगळी केली, कपाटं कशी खुली झाली. त्यातलं काहीही सांगावंसं वाटेना. ते सांगितलं असतं तर मी पुन्हा शाबासकी मागायलाच आलो असं झालं असतं.

“ताई, मागच्या वेळी मी म्हणालो की पुस्तकं कॉम्प्युटर काढतो. ते खोटं होतं. त्याला शिकवलं मी होतं. बाबांनी तुमच्यासाठी पुस्तक मागितलं तेव्हा ते माझ्या हातापासून दोन पावलांवर होतं. मी दिलं नाही. वर चारचौघांत त्यांची थट्टा केली, म्हणून त्यांनी पुन्हा मागितलं नाही. तुमच्या तिन्ही चिठ्ठ्या मला मिळाल्या होत्या. ऑगस्टची मी दोनदा वाचली आणि टाकून दिली. तुमची परीक्षा गेली त्यात माझा हात आहे. हे मी पाच वर्षांपूर्वी इथंच, याच अंगणात बोलायला हवं होतं, आणि बाबांपुढं बोलायला हवं होतं. माझं चुकलं. मला माफ करा.”